पाच हजार बाटल्यांचा परवाना

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग चालवणारे एक कारखानदार माझे जुने क्लायंट आहेत. ऑडिटच्या कागदांवर सह्या करता करता एकदा ते म्हणाले, "मॅडम, कारखाना आता धाकट्याकडे देतोय. मोहोळला वडिलांची सहा एकर आहे. त्यातल्या दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावतो आणि वाइन मीच करतो. आकडा किती येतो ते काढून द्या." 2023 साली मिलानला 'इत्मा' हे कापडयंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं, त्याला ते गेले होते. येताना टस्कनीत राहिले. ज्या घरी उतरले तिथला यजमान पूर्वी फ्लॉरेन्सच्या एका विमा कंपनीत अधिकारी होता. आता तो आणि त्याची बायको मिळून वर्षाला काही हजार बाटल्या करतात आणि त्यातल्या बऱ्याचशा घराच्या अंगणातच विकल्या जातात. ते घर काही आमच्या कारखानदारांच्या मनातून जाईना.

आकडा काढायचा म्हणून मी परवाने, कर, जमीन, यंत्रं असं एकेक उघडत गेले. त्यातून माझं जे मत झालं ते मला सोलापूरच्या वाचकांपुढे ठेवायचं आहे. द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या रानात थोडी वाइन करून स्वतःच्या हाताने विकता आली पाहिजे. आज हे कागदावर शक्य आहे आणि व्यवहारात नाही. ती वाट मोकळी झाली, तर कारखाना सोडून येणाऱ्या चार हौशी माणसांपेक्षा कासेगाव, नान्नज, बार्शीकडच्या बागायतदारांचं त्यात जास्त भलं आहे. माझा जीव त्या बागायतदारांत अडकलेला आहे, कारण मी त्यांच्याच घरातली आहे.

इटलीत अशी माणसं आहेत हे खरंच. सर्जिओ मानेत्ती हे पोलादाचे कारखानदार. 1967 साली त्यांनी कियांती भागात राद्दा गावाजवळ मोन्तेव्हेर्तिने नावाची जागा सुट्टीत राहायला म्हणून घेतली. मित्रांना आणि गिऱ्हाइकांना देण्यापुरती वाइन व्हावी, एवढ्या हेतूने दोन हेक्टर, म्हणजे पाचेक एकर, वेली लावल्या. 1971 च्या पहिल्याच पिकाची वाइन लोकांनी अशी उचलून धरली की पुढे त्यांनी कारखानदारी सोडून दिली. त्या काळी कियांतीच्या नियमांत लाल द्राक्षांबरोबर पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. मानेत्तींना निव्वळ सांजोवेझे या तिथल्या लाल जातीची वाइन हवी होती. 1977 साली त्यांनी ती 'ले पेर्गोले तोर्ते' या नावाने केली, आणि 1981 साली तिथल्या उत्पादक संघातून ते बाहेर पडले. बाटलीवर कियांतीचं नाव लावण्याचा हक्क गेला तरी चालेल, पण वाइन बदलणार नाही, ही त्यांची भूमिका. त्याच डोंगरांत गायोले गावाजवळ जॉन डंकली या लंडनच्या जाहिरात व्यवसायातल्या माणसाने आणि त्याच्या इटालियन पत्नीने 1971 साली रिएचिने ही छोटी वाडी घेतली आणि तिथे वाइन केली.

या गोष्टी सांगताना त्यांच्याखालची जमीन मात्र कुणी सांगत नाही. टस्कनीत शेकडो वर्षं शेती अर्धेलीने चालायची. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडत गेली आणि 1964 च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. कुळं फ्लॉरेन्सला गेली, प्रातोच्या कापडगिरण्यांत गेली. डोंगरातली दगडी घरं ओस पडली आणि स्वस्तात मिळू लागली. मग शहरातली पैसेवाली माणसं त्या घरांत राहायला आली. शेतकरी कापडाच्या गावाला गेला आणि कारखानदार त्याच्या रानात आला. सोलापूरकराला यातला पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत आपल्या चिमण्यांनी आसपासच्या तालुक्यांतली माणसं अशीच ओढून आणली होती. मला काळजी दुसऱ्या भागाची आहे. मोहोळ-पंढरपुरात बागायतदाराने बाग मोडून पुण्याला वॉचमनची नोकरी धरावी आणि त्याच्या रानात दुसऱ्या कुणी हौसेने वाइन करावी, असा शेवट मला नको आहे. दोघांनाही जागा असेल अशी व्यवस्था हवी.

महाराष्ट्रात हा मार्ग चाललेले लोक आहेत. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून आले आणि नाशिकजवळ घरच्या जमिनीवर त्यांनी सुला उभी केली. 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली आणि 2022 च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात गेली. आपल्या जिल्ह्यात तर थेट इटलीच येऊन राहिली आहे. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, इटलीचे आंद्रेआ आणि आलेस्सिओ सेच्ची, अशा भावांच्या तीन जोड्या आणि टस्कनीतले जाणते वाइनकार पिएरो मासी यांनी मिळून फ्रटेली वाइन्स सुरू केली. 2007 च्या आसपास फ्रान्समधून तीन लाखांवर कलमं आणून माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथे 240 एकरांवर लावली गेली. मानेत्तींनी ज्या सांजोवेझेसाठी संघ सोडला, तीच जात आज आपल्या माळशिरसच्या मुरमाड माळावर वाढते.

त्या माळावर मी उभी राहिले आहे. खाली नीरेच्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस, माळीनगरकडे कारखान्याचं धुराडं, आणि वर हलक्या जमिनीवर वेलींच्या सरळ ओळी. याच तालुक्यात सासवडच्या माळ्यांनी येऊन 1932 साली स्वतःचा साखर कारखाना काढला होता. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या मुलखात लोकांनी पिकावर प्रक्रिया करण्याची हिंमत आधीही केलेली आहे, हे तिथे उभं राहिल्यावर आपोआप आठवतं.

सामंत असोत, फ्रटेलीचे सात असोत की मानेत्ती, प्रत्येकाच्या मागे काहीतरी होतं. कुणाकडे घरची जमीन आणि परदेशातलं शिक्षण, कुणाकडे पोलादाचा पैसा, कुणाकडे तालुक्यातली पिढ्यांची वट. त्यांचं कर्तृत्व कमी करण्यासाठी मी हे म्हणत नाही. जमीन ओळखणं, पंचवीस वर्षं टिकणारी वेल लावणं आणि पहिल्या बाटलीसाठी वर्षानुवर्षं थांबणं हे निव्वळ पैशाने होत नाही. मात्र पैसा नसेल तर ते सुरूच होत नाही, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईने हे बोललं पाहिजे.

तर आमच्या कारखानदारांचा हिशेब. पहिला प्रश्न मी विचारला तो सातबाऱ्याचा. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पुण्या-मुंबईची कितीतरी मंडळी फार्महाउसची चित्रं घेऊन येतात आणि या पायरीवर थांबतात. आमच्या कारखानदारांचं नाव वडिलांच्या सातबाऱ्यावर लागलेलं होतं, म्हणून आम्ही पुढे गेलो.

दोन एकर. खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन काढणारे बागायतदार आपल्याकडे आहेत. वाइनसाठी वेलीवर एवढा भार ठेवून चालत नाही. घड कमी ठेवायचे, मणी लहान राहू द्यायचा, कारण रंग आणि चव सालीत असते. एकरी चार टन धरले तर आठ टन. एका टनातून साडेसहाशे लिटरच्या आसपास वाइन येते. गाळ, गळती, नासकं वगळून सहा हजारांच्या आतबाहेर बाटल्या. लागवडीनंतर पहिली दोन वर्षं काही नाही. तिसऱ्या वर्षी थोडं. लाल वाइन मार्चमध्ये केली तर ती विकायला काढेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणजे पहिला रुपया गल्ल्यात पडेपर्यंत चार-पाच वर्षांचा खर्च अंगावर काढायचा. टॉवेलचं सूत आज घेतलं तर माल महिन्याभरात बाहेर पडतो. त्या सवयीच्या माणसाला हे आकडे पाहून घाम फुटला.

शेतीची बाजू तितकीच कठीण आहे. इटलीत थंडीत वेल झोपते, पानं गळतात, वर्षाला एकदा छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावावं लागतं. खायचं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला तोडतात. वाइनला बावीस ते चोवीस लागते. तेवढी गोडी येईपर्यंत फेब्रुवारी उलटतो आणि सोलापूरचा पारा चढू लागतो. उष्णतेने आंबटपणा उतरतो आणि आंबटपणा गेला की वाइन बेचव होते. सांजोवेझेत मुळात आंबटपणा चांगला असतो, म्हणून ती आपल्या उन्हात तग धरते. तरीही तोड पहाटे अंधारात व्हावी लागते आणि घड ऊन चढायच्या आत थंड जागी पोचावे लागतात. पुढे टाकीत आंबवण चालू असताना तिची उष्णता आवरायला सतत वीज हवी. रात्री लाइट गेली तर डिझेलवर जनरेटर. शेतीच्या फीडरला आठ तास वीज मिळते तिथे हे सगळं गृहीत धरून खर्च मांडावा लागतो.

आता कर. द्राक्ष विकलं तर ते शेतीचं उत्पन्न, त्याला आयकर नाही. त्याच द्राक्षाची वाइन केली की द्राक्षाच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा आणि उरलेला नफा धंद्याचा. इथवर मला मान्य आहे. खरी कोंडी पुढे आहे. दारू जीएसटीच्या बाहेर असल्याने वाइनवर जीएसटी नाही, पण बाटली, बूच, लेबल, स्टीलची टाकी, प्रेस या सगळ्यावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो खर्चातच मुरतो. वर वाइनवर राज्याचा 20 टक्के व्हॅट. त्यातला 16 टक्के सरकार प्रोत्साहन योजनेखाली परत देतं, पण आधी भरायचा आणि मग परताव्याची वाट पाहायची. मोठ्या कंपनीला बँक तेवढ्या काळापुरतं कर्ज देते. सहा हजार बाटल्यांच्या माणसाचं त्यात सगळं खेळतं भांडवल अडकतं. बाटली कर्नाटकात किंवा तेलंगणात पाठवायची तर तिथला कर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, फी वेगळी. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर आहे, पण परवान्याच्या दृष्टीने तो परदेशच.

आणि परवाना. वाइन महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली येते आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली तयार होते. देखरेख हवीच. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वायनरीला लघुउद्योग मानलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्या धोरणामुळे नाशिक-सांगलीकडे डझनांनी वायनऱ्या उभ्या राहिल्या हे त्याचं श्रेय. पण त्यातला लघु म्हणजेसुद्धा कारखाना होता: शेड, लाखभर लिटरच्या टाक्या, बँकेचं कर्ज. 2008 च्या मंदीत मागणी बसली आणि त्यातल्या कितीतरी बंद पडल्या, नाहीतर मोठ्या कंपन्यांसाठी ठोक माल काढू लागल्या. कराराच्या भरवशावर वाइनची द्राक्षं लावलेल्या शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. दोन एकरवाला स्वतःपुरतं करील आणि स्वतः विकील, अशा मापाचा विचार तेव्हा झाला नाही. अजून झालेला नाही.

मी कासेगावची. पंढरपूरपासून जवळ. आमच्या घरी सोनाका आणि थॉमसन द्राक्षं आहेत. माझा धाकटा भाऊ चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होता. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा तो नोकरी सोडून आला. लोक त्याच्या निर्णयाला धाडस म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात. मानेत्तींनी सोडलं तर त्याची कहाणी होते आणि कासेगावच्या पोराने सोडलं तर सोयरिकीत अडचण येते. मला हे खुपतं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेना तेव्हा फुलोऱ्यातल्या बागेवर डाऊनी रोग आला आणि भाऊ दिवसातून दोनदा फवारणीला उभा होता. एका साली व्यापारी अर्ध्या मालाचे पैसे न देता नाहीसा झाला. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. द्राक्ष नाशवंत. तोडल्यावर दुसऱ्या दिवशी भाव सांगण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे राहत नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा करून शेडमध्ये ठेवता आला तर निदान काही महिने दम धरता येतो. म्हणूनच आमच्या भागात रॅकची शेड दिसतात.

आता पाहा, बेदाणा ही प्रक्रियाच आहे. घड द्रावणात बुडवायचे, रॅकवर पसरायचे, ऊन, वारा आणि दमट हवा ओळखायची, रंग बिघडू द्यायचा नाही. हे माझ्या वडिलांना शाळेत कुणी शिकवलं नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी स्वतःच्या बागेत एका वेलीवरचा वेगळा, लांबट मणी हेरला आणि त्यातून सोनाका ही जात उभी केली, जी आज महाराष्ट्रभर लागते. तासगावकडे वसंतराव आरव्यांनी तास-ए-गणेश अशीच निवडली. पानाच्या कडेवरून भुरी ओळखणारी, काडीच्या जाडीवरून घड किती येतील ते सांगणारी ही माणसं. यांना आंबवण शिकता येणार नाही, असं जेव्हा कुणी मला सांगतं तेव्हा मला राग येतो. वाइनचं निम्म्याहून जास्त काम बागेतच होतं, हे तर इटलीतला प्रत्येक वाइनकार सांगतो.

आमच्या घरात तुळशीची माळ आहे. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी त्यांना विचारलं, वाइनसाठी द्राक्ष द्यावं का. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पिकवणाऱ्याला दोष नाही असं मी म्हणेन. विकणाऱ्याचं मला सांगता येत नाही." मी त्यांच्या उत्तराचा मान ठेवते. वाइन ही दारूच आहे. तिला फळांचा रस म्हणून खपवणाऱ्यांशी माझं जमणार नाही. याच जिल्ह्यात हातभट्टीने किती घरं धुऊन नेली ते मुळेगाव तांड्याच्या बायकांनी पाहिलं आहे. 2021 साली तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू करून हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरे व्यवसाय मिळवून द्यायचा प्रयत्न केला, ते पोलीस खात्याचं मी पाहिलेलं सर्वांत मोलाचं काम आहे.

म्हणूनच 27 जानेवारी 2022 चा मंत्रिमंडळाचा निर्णय मला पटला नव्हता. हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइनचं कपाट ठेवायला मुभा द्यायची असं ठरलं होतं. शेतकऱ्यांच्या नावाने तो मांडला गेला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्ष रस्त्यावर उतरला आणि निर्णय अमलात आला नाही. पण समजा आला असता, तर त्या कपाटात कुणाच्या बाटल्या लागल्या असत्या? ज्याच्याकडे वितरक आहे, गाड्या आहेत, दुकानदाराला द्यायला कमिशन आहे, त्याच्याच. कासेगावचा माणूस तिथपर्यंत पोचलाच नसता. आणि मुलांना घेऊन साखर-तेल घ्यायला गेलेल्या बाईसमोर दारूचं कपाट उभं राहिलं असतं. या दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांना बांधावर विकण्याचा पर्याय दिसलाच नाही याचं मला वाईट वाटतं. शेतावरच विक्री ठेवली तर बाटली घ्यायला माणसाला मुद्दाम वाट वाकडी करून यावं लागतं. ज्याला सकाळी मजुरीला जाताना ढोसायची आहे तो महागडी वाइन घ्यायला गारवाडच्या माळावर चालत जात नाही.

एकट्या दोन एकरवाल्याला टाक्या आणि प्रेस परवडणार नाहीत, हे माझ्याच हिशेबातून निघालं आहे. त्याला उत्तर आहे, आणि ते सोलापूरला नवं नाही. इटलीच्या पिएमोंते भागात बार्बारेस्को नावाचं छोटंसं गाव आहे. तिथले शेतकरी द्राक्ष व्यापाऱ्याला विकायचे आणि तो देईल तो भाव घ्यायचे. 1958 साली गावच्या चर्चचे पाद्री फादर फिओरिनो मारेंगो यांनी एकोणीस लहान शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि सहकारी संस्था काढली. पहिली तीन सालं वाइन चर्चच्या तळघरात झाली, कारण दुसरी जागाच नव्हती. आज त्या संस्थेत पन्नासेक कुटुंबं आहेत, त्यांच्या बागा मिळून शंभर हेक्टरच्या वर, म्हणजे अडीचशे एकरांहून अधिक भरतात, आणि तिची वाइन जगभर मानाने घेतली जाते. माळशिरसच्या 240 एकरांच्या जवळपासच हे क्षेत्र. एकीकडे एक कंपनी, दुसरीकडे पन्नास उंबरे. दोन्हीकडे चांगली वाइन होऊ शकते, हे मी मानते. पण पंढरपूर तालुक्यात काय व्हावं असं मला कुणी विचारलं तर मी बार्बारेस्कोकडे बोट दाखवीन. इटलीतली निम्म्याच्या आसपास वाइन आजही सहकारी तळघरांत तयार होते.

सहकार म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि त्याला कारणं आहेत. संचालक मंडळांचे ताळेबंद मी तपासले आहेत, निवडणुकीच्या वर्षी खर्च कुठे फुगतो ते मला दिसतं. म्हणून मला कारखान्याच्या आकाराची संस्था नकोच आहे. पंधरा-वीस बागायतदार, एक शेड, चार-पाच टाक्या, एक प्रेस, एक शिकलेला वाइनकार, आणि प्रत्येकाच्या द्राक्षाचं वजन आणि ब्रिक्स लिहिणारी एक वही. बार्बारेस्कोत द्राक्षाचा भाव गोडीवर आणि प्रतीवर ठरतो, वजनावर नाही. आमच्याकडे दूध संस्थेत फॅट मोजून पैसे देतातच की.

त्यासाठी सरकारने वेगळा, लहान मापाचा परवाना काढावा. स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या द्राक्षाची, माणशी वर्षाला पाच हजार बाटल्यांपर्यंत. एकट्याने किंवा संस्थेच्या टाकीत. फी त्या मापाची, कागद मराठीत आणि थोडे, पण तपासणी कडक. बाटली-टाकीवर भरलेल्या जीएसटीचं काहीतरी करावं, आणि व्हॅट आधी भरून परत मागायला लावण्याऐवजी जेवढा ठेवायचा तेवढाच घ्यावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाइनच्या द्राक्षांवर काम चालतं, तिथल्या लोकांनी हंगामात पंढरपुरात येऊन बसावं. विक्री फक्त शेतावर, गावठाणाबाहेर, दिवसाउजेडी. आमच्या कारखानदारांसारख्या माणसांनाही याच परवान्यात यावंसं वाटेल. त्यांनी शेजारच्या बागायतदारांना बरोबर घेऊन संस्था काढली तर त्यांचं भांडवल आणि बाकीच्यांची शेती, दोन्ही कामी येतील. मी त्यांना हेच सुचवलं आहे आणि त्यांनी मोहोळला दोन बैठका लावल्या आहेत.

एक अट मात्र मी सोडणार नाही. दुकान बंद करायला आपल्या कायद्यात बायकांना मतदान मिळालं आहे, आडव्या बाटलीचं. इथे ते मत आधी घ्यावं. ज्या गावात परवाना द्यायचा त्या गावच्या महिलांची ग्रामसभा भरवावी, बागायतदाराने तिच्यापुढे उभं राहून काय करणार, किती करणार, कुणाला विकणार ते सांगावं, आणि बहुमत नाही म्हणालं तर अर्ज तिथेच थांबावा. कासेगावात अशी सभा झाली तर माझी आई विरोधात हात वर करील आणि वहिनी बाजूने. एकाच घरातल्या या दोघींचीही मतं परवाना निघायच्या आत कागदावर नोंदली जावीत, एवढी तरतूद त्या कायद्यात हवी.